नसांच्या औषधाची ट्रायल: सही करायच्या आधी फॉर्म घरी आणा

मागच्या मे महिन्यात गच्चीवर मूगवड्या वाळत घातल्या होत्या. कावळे आले म्हणून मी तसाच अनवाणी वर पळालो आणि वड्या झाकत दहा मिनिटं उन्हात उभा राहिलो. नागपूरचा मे, दुपारचे दोन. स्लॅबवर पापड भाजला गेला असता. संध्याकाळी पाय धुताना बायको ओरडली, "अहो, हे काय?" उजव्या तळव्याला रुपयाएवढा फोड. मला पत्ताच नव्हता. आणि त्याच रात्री त्याच पायाची अशी आग झाली की कूलरसमोर खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसलो. दिवसा काही कळत नाही आणि रात्री झोपू देत नाही, असा हा आजार. मधुमेह सतरा वर्षांचा, त्याने पायातल्या नसा बिघडल्या, त्याचं हे व्याज.

फोडावर मलमपट्टी झाली. धंतोलीतले माझे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, "काका, तुमच्यासारख्यांसाठी एका औषधाची ट्रायल सुरू होते आहे. बघता का?" बघितली. ट्रायल म्हणजे औषध लागू पडतं का, हे माणसांवर करून बघायची चाचणी. विचार करून शिरलो, सोळा आठवडे काढले, बाहेर आलो. तेव्हापासून कॉलनीतलं कोणी ना कोणी येऊन विचारतं, "भाऊ, आम्हाले बी बोलावून राहिले, जाऊ का?" प्रत्येकाला चहासोबत तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

मी डॉक्टर नाही. पोस्टात ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा बचत बँकेच्या खिडकीवर. लोकांना "वाचून सही करा" असं हजारो वेळा म्हटलं आणि एकानेही वाचलं नाही. तेव्हा मला औषधातलं कमी कळत असेल, पण फॉर्म कळतो.

आधी तुमची नस कोणती ते बघा

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच. त्यामुळे पायाला मुंग्या येतात म्हटलं की शेजारी व्हेरिकोज व्हेन्सचा डॉक्टर सुचवतो, दुसरा कमरेत नस दबली म्हणतो, तिसरा तेल देतो. ट्रायलवाल्यांना असं मोघम चालत नाही. त्यांना एकाच प्रकारचे रुग्ण हवे असतात, म्हणून आपला आजार नेमका कोणता हे कागदावर असलं पाहिजे.

माझ्या बाबतीत काय काय केलं ते सांगतो. नायलॉनचा एक ताठ दोरा असतो, दहा ग्रॅम वजनाला वाकणारा. डोळे मिटायला लावून तो तळव्यावर टेकवतात आणि "कळलं का?" विचारतात. दहा जागांपैकी मला चार कळल्या. मग सेकंदाला १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे धातूचा दुहेरी काटा, वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. थरथर घोट्याला जाणवली, अंगठ्याला नाही. मग नर्व्ह कंडक्शन, म्हणजे विजेचे छोटे झटके देऊन नसेचा वेग मोजणं. इथे एक मेख आहे. ही तपासणी फक्त जाड तंतू पकडते. आग, टोचणी, चटके हे काम बारीक तंतूंचं, आणि ते बिघडले तरी रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमची आग खोटी ठरत नाही. काही ट्रायलमध्ये त्यासाठी घोट्याच्या वरून तीन मिलिमीटरचा कातडीचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात. जखम मुगाच्या दाण्याएवढी, पण मधुमेह्याची असते, तेव्हा ती भरायला किती दिवस लागतील ते आधीच विचारून ठेवा.

बी-१२ जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, आणि ते कमी झालं की पाय तसेच बधिर होतात. माझ्या साडूला ट्रायलच्या चाळणीतच हे कळलं. ट्रायलमधून नाव गेलं, पण कारण सापडलं आणि इंजेक्शनं सुरू झाली. आणखी एक प्रश्न डॉक्टरांनी मला विचारला, तो मुंबई-पुण्यात कोणी विचारत नसेल: "लहानपणी लाखोळी डाळ खायचे का?" माझं आजोळ भंडाऱ्याकडचं. लाखोळी अति खाल्ली, विशेषतः दुष्काळात तीच ती खाल्ली, तर पाय ताठून कायमचे निकामी होतात. माझं तसं नव्हतं, पण डॉक्टरांनी विचारलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिला प्रश्न डॉक्टरला हाच विचारा: हे औषध दुखणं दाबतं की नस भरून काढतं? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही जी औषधं आपल्याला मिळतात ती आग कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. बहुतेक ट्रायलही तशाच, तीन-चार महिन्यांच्या. आता हिशोब करा. तुटलेली नस सगळं नीट जुळून आलं तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. पंजाची वीस सेंटिमीटर भरायची तर दोनशे दिवस झाले, आणि मधुमेह्याच्या पायात सगळं नीट जुळून येतं असं कोण म्हणेल? तेव्हा 'बारा आठवड्यांत नस पूर्ववत' असं कोणी सांगत असेल तर त्याला ही भागाकाराची वही दाखवा.

ट्रायल खरी आहे का, हे घरबसल्या बघता येतं

भारतात औषधाच्या प्रत्येक ट्रायलची नोंद सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सरकारी नोंदवहीत करावी लागते. नोंदवही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आहे, जुलै २००७ पासून चालू आहे आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. बघायला पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. भाषा मात्र इंग्रजी आहे. माझ्या भाच्याने मोबाइलवर काढून दिलं, मी चष्मा लावून वाचलं.

नोंदणी क्रमांक 'सीटीआरआय', मग वर्ष, मग महिना, मग आकडा असा असतो. तो क्रमांक हॉस्पिटलकडून मागून घ्या. द्यायला जो का-कू करतो, तिथून उठून या. पान उघडलं की चार जागा बघा. पहिली, नोंदणीची तारीख: ती पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची हवी. दुसरी, केंद्रांची यादी: तीत तुमच्या डॉक्टरचं आणि नागपूरचं नाव आहे का. तिसरी, एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णाचं हित बघणाऱ्या समितीची मंजुरी, प्रत्येक केंद्राची वेगळी. चौथी, कोणाला घेणार आणि कोणाला नाही याची यादी. ही शेवटची यादी वाचली की निम्म्या लोकांचा प्रश्न घरीच सुटतो. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ठरावीक आकड्याच्या वर असेल तर नाही, किडनी मंदावली असेल तर नाही, कॅन्सर होऊन गेला असेल तर नाही. गाडीभाडं वाचतं.

एक गोष्ट ठळक सांगतो. ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले तर ती ट्रायल नाही, धंदा आहे. माझ्या ओळखीत एकाच्या मुलाला अपघातानंतर मणक्याची इजा झाली. एका ठिकाणी (नाव घेत नाही, शहरही सांगत नाही) स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराचे तीन लाख मागितले आणि वर 'आमची ट्रायल सुरू आहे' म्हणाले. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत साफ लिहिलं आहे की रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमध्येच. आम्ही नोंदवही उघडून बघितली, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. तीन लाख वाचले. पोराचा बाप मात्र माझ्यावर महिनाभर रागावला होता, कारण मी त्याची आशा काढून घेतली. ते मी समजू शकतो.

फॉर्म

आता मूळ मुद्दा. मी गेलो त्या दिवशी कोऑर्डिनेटर म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिने बावीस पानांचा फॉर्म पुढे ठेवला, शेवटचं पान उघडून. पेन त्यावर आडवं ठेवलेलं. "काका, इथे, इथे आणि इथे." मला हसू आलं. हेच मी बारा वर्षं करत होतो. म्हटलं, "बेटा, हा घरी नेतो, चार दिवसांनी येतो." ती जरा चपापली, पण आत डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाले, "न्या ना, न्यायलाच पाहिजे."

हा तुमचा हक्क आहे. २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम आहेत, त्यात समजेल त्या भाषेत माहिती, विचाराला वेळ आणि सही झालेल्या फॉर्मची एक प्रत रुग्णाच्या हातात, हे सगळं आलं. मराठीतला फॉर्म मागा. मराठीही कशी, तर 'यादृच्छिकीकरण' वगैरे. मी त्या शब्दाखाली पेन्सिलने 'नाणं उडवणं' लिहिलं. वाचता येत नसेल त्या माणसासाठी हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. अगदी नव्या रसायनाची ट्रायल असेल आणि रुग्ण दुर्बळ गटातला असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करतात. कॅमेरा बघून घाबरू नका. तो तुमच्या बाजूने आहे.

फॉर्ममध्ये एक रकाना वार्षिक उत्पन्नाचा आणि एक वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा. बायकोने तो वाचला आणि फॉर्म मिटून ठेवला. "मरायला चालले का?" पोस्टात हजारो वारस मी स्वतः भरून घेतले, 'अहो मावशी, नियम आहे, लिहा नाव' म्हणत, आपल्या घरात तोच रकाना आला तेव्हा दोन दिवस तो विषयच निघाला नाही. मग मीच सांगितलं तिला. तो रकाना यासाठी, की ट्रायलमुळे माणूस गेला तर भरपाई कोणाला द्यायची हे ठरलेलं असावं. भरपाईचं सूत्रही ठरलेलं आहे: आठ लाख हा मूळ आकडा, त्याला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणक लावायचा, आणि ९९.३७ ने भागायचं. वय वाढलं की गुणक घटतो, आजार आधीच गंभीर असेल तरी घटतो. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे कमीच येणार." मग हसली, आणि स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं.

पेन्सिल घेऊन ही वाक्यं शोधा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे नियमातच आहे; ती इजा ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत. ते फॉर्ममध्ये कोणत्या शब्दांत लिहिलंय ते बघा. प्रवासखर्च किती आणि कधी. कोणती औषधं बंद करावी लागणार. रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, आणि तो नंबर हॉस्पिटलच्या स्वागतकक्षाचा आहे की माणसाचा. मी त्या नंबरवर आधीच एकदा रात्री साडेनऊला लावून बघितला. उचलला. एथिक्स कमिटीच्या सचिवाचाही नंबर असतो. या कमिटीत कमीत कमी सात जण, निम्मे तरी हॉस्पिटलबाहेरचे, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक महिला आणि एक तुमच्या-माझ्यासारखा साधा माणूस असावाच लागतो. तक्रार डॉक्टरकडे करायला संकोच वाटला तर इथे करायची.

आणि केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येतं. तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. हे वाक्य फॉर्ममध्ये नसेल तर सही करू नका.

खोटी गोळी, खरी वही

सगळ्यांना हेच विचारायचं असतं: "म्हणजे मला साखरेची गोळी देतील?" हो, देऊ शकतात. माझ्या ट्रायलमध्ये निम्म्यांना खरं औषध (फॉर्ममध्ये त्याचं नावही नव्हतं, नुसता कोड) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काही नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. यात फसवणूक नाही. ते आधीच लिहून दिलेलं असतं. पण शेजारचे देशमुखकाका समजतात तसं 'नवीन औषध फुकट मिळून राह्यलं' असंही नाही. डॉक्टरांना उत्तर माहीत असतं तर त्यांनी ट्रायल केलीच नसती.

रिकाम्या गोळीनेही दुखणं कमी होतं, हे मला आधी पटत नव्हतं. दुखण्याच्या ट्रायलमध्ये हे इतकं होतं की चांगली औषधंही त्यात हरतात. पार्किन्सनमध्ये (हातपाय कापतात, ताठतात तो मेंदूचा आजार) तर रिकाम्या गोळीने मेंदूत डोपामिन, म्हणजे त्या आजारात कमी पडणारं रसायन, सुटताना शास्त्रज्ञांनी स्कॅनवर पाहिलंय. म्हणूनच दोन गट लागतात.

माझा सगळ्यात वाईट काळ गोळी सुरू होण्याआधीचा. आधीचं औषध अंगातून निघून जावं म्हणून ते बंद करतात. माझी प्रेगाबालिन आठवडाभर कमी करत आणली (ती एकदम सोडायची नसते, ट्रायल असो की नसो) आणि पुढचे सात दिवस काहीच नाही, फक्त लागलं तर पॅरासिटामॉल. तिसऱ्या रात्री मी थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवायला निघालो. बायकोने बादली काढून घेतली, बरोबरच केलं. बधिर पाय पाण्यात भिजवून ठेवले की कातडी फुगते, फाटते, आणि कळत नाही. त्यापेक्षा ओला पंचा पिळून चादरीवर पसरला आणि त्यावर पाय टेकवले. हा आठवडा तुमच्या घरात कसा जाईल याचा विचार सही करण्यापूर्वी करा. लग्नसराई, नातवाची परीक्षा, शेतीचा हंगाम यांत तो टाकू नका.

मग वही. रोज सकाळी, मागच्या चोवीस तासांचं दुखणं शून्य ते दहा आकड्यात लिहायचं. सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्यात मी सात दिवस पाच-पाच-पाच लिहिलं. शिक्का मारल्यासारखं. कोऑर्डिनेटरने विचारलं, "काका, एकाही दिवशी सहा नाही, चार नाही?" ओशाळलो. त्यानंतर बायकोने युक्ती काढली: चहाच्या आधी, दात घासून झाल्यावर, कालचा आकडा न बघता. आधीचं पान रबर लावून बंद. आणि स्वतःचे टप्पे ठरवून ठेवले. दोन म्हणजे आग आहे पण पेपर वाचता येतो. पाच म्हणजे पेपरातली तीच ओळ दोनदा वाचतो. आठ म्हणजे कूलरसमोरची खुर्ची. दहा मी कधीच लिहिला नाही, दहा बाळंतपणासाठी राखून ठेवा असं बायकोचं म्हणणं.

दुसरी आपली खोड म्हणजे 'बरं आहे'. डॉक्टर विचारतात, "कसं काय काका?" आणि आपण तोंड भरून म्हणतो, "बरं आहे जी." डॉक्टर चांगले आहेत, वेळ देतात, त्यांना वाईट कसं सांगायचं! पण त्या 'बरं'ने आकडा खोटा होतो. चक्कर, तोंड कोरडं, पायाला सूज, वजन, रात्रीची विचित्र स्वप्नं, सगळं सांगा. लाज वाटणाऱ्या गोष्टीही. मी त्या चिठ्ठीवर लिहून नेत असे आणि चिठ्ठीच देऊन टाकत असे.

कोणता आजार, तसा धडा

आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये एक सर आहेत, पार्किन्सनचे. त्यांच्या ट्रायलमध्ये तपासणीच्या सकाळी गोळी न घेता यावं लागे, कारण औषध नसताना शरीर कसं चालतं ते मोजायचं असतं. पहिल्यांदा ते एकटेच गेले. दवाखान्याच्या पायरीशी पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच, मागे माणसांची रांग. तेव्हा अशा ट्रायलमध्ये सोबत माणूस हवाच, आणि नेहमीची गोळी डब्यात हवी, तपासणी संपली की तिथेच घ्यायला.

अल्झायमरमध्ये सही कोण करणार हा पहिला प्रश्न, आणि तिथे घरातल्या माणसाची जबाबदारी दुप्पट. बातमीत 'स्मृतिभ्रंश रोखणारं औषध' वाचलं की मी आता मोजपट्टी विचारतो. लेकॅनेमॅबचं उदाहरण घ्या. जवळजवळ १८०० लोक, दीड वर्ष. बातमी आली की आजाराचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. ते खरंच आहे. पण १८ गुणांच्या पट्टीवर दोन गटांतला फरक ०.४५ गुणाचा होता, आणि औषध घेणाऱ्यांत आठातल्या एकाच्या स्कॅनवर मेंदूला सूज दिसली, बहुतेकांना ती जाणवली नाही तरी. दोन्ही वाक्यं एकाच ट्रायलची. जायचं की नाही हे दोन्ही वाचून ठरवा.

एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात तो आजार, हा सगळ्यात निर्दय. तिथे रुग्ण थांबू शकत नाही, म्हणून कोणी काही दाखवलं की धावतो, आणि त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण एक घडलेलं सांगतो. रिल्युझोल हे त्यावरचं औषध १९९५ पासून आहे, आयुष्याचे थोडे महिने देतं. २०२२ मध्ये अमेरिकेत एएमएक्स ००३५ या औषधाला १३७ रुग्णांच्या ट्रायलवर मंजुरी मिळाली, केवढा जल्लोष झाला. मग ६६४ रुग्णांची मोठी ट्रायल झाली, औषध रिकाम्या डोसपेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून परत घेतलं. म्हणून किती जणांवर झालं, हा आकडा आधी विचारावा.

आणि ट्रायल म्हणजे नेहमी नवीन औषधच असं नाही. वरोऱ्याला पोस्टिंग असताना आनंदवनातली माणसं मनीऑर्डर घ्यायला येत. एकाच्या बोटांत विडी विझेपर्यंत जळायची आणि त्याला कळायचं नाही. तेव्हा मी नुसता बघत राहिलो. गच्चीवरच्या फोडानंतर तो माणूस मला आठवला. कुष्ठरोगातल्या नसांच्या इजेवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. ते २० आठवडे द्यावं की ३२, एवढ्याच प्रश्नावर भारतासह चार देशांत ट्रायल झाली, आणि फरक पडत नाही असं २०१७ मध्ये छापून आलं. बारा आठवड्यांचं स्टिरॉइड वाचलं. असल्या ट्रायलला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून नाही, पण एक डोळा मिटून हो म्हणेन.

नागपुरात निभावताना

गोळ्यांच्या डब्यावर साठवणुकीचं तापमान लिहिलेलं असतं. २५ अंशांच्या खाली असं असेल तर आपल्याकडे मार्च ते जून ते कसं जमायचं? कूलरने खोली तेवढी गार होत नाही, आणि फ्रिज चालेल की नाही हे मनाने ठरवायचं नाही, विचारायचं. मला त्यांनी फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, असं सांगितलं. गाडीच्या डिकीत डबा कधीही ठेवू नका.

रिकाम्या पट्ट्या फेकू नका. त्या परत मोजतात. उरलेली गोळीही परत. एक दिवस चुकलात तर चुकलो म्हणून सांगा. दोन घेऊन हिशोब जुळवू नका.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढा. मी मेट्रोने काँग्रेस नगरला उतरून रिक्षा करायचो. ट्रायल मिहानकडच्या एम्सला असेल तर खापरीपर्यंत मेट्रो आहे, पण पुढचं ऊन विसरू नका. उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, तेव्हा डबा सोबत. मधुमेह्याने तर्री पोह्यांच्या भरवशावर जाऊ नये, हे मी जाऊन शिकलो.

चूर्ण, काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, कोणी दिलेलं तेल, सगळं सांगा. 'ते काय औषध थोडंच आहे' असं मनात म्हणू नका.

आणि ट्रायलचं कार्ड, म्हणजे आपण ट्रायलमध्ये आहोत हे सांगणारं. पाकिटात नाही, आधारकार्डासोबत गळ्यात अडकवा हवं तर. नवव्या आठवड्यात मला उन्हाचा त्रास होऊन रात्री जवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. बायको घाबरलेली, कार्ड घरी कपाटात. तिथल्या डॉक्टरांनी सवयीने मला ट्रायलमध्ये मना असलेलं एक औषध दिलं. त्यांचा काय दोष, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी मी कोऑर्डिनेटरला फोन केला तर ती धावतच आली. तेव्हा कळलं की रात्रभर भरती होणं हेच ट्रायलच्या भाषेत 'गंभीर घटना', कारण ऊन असो की डेंग्यू. तशी घटना कळल्यापासून चोवीस तासांत डॉक्टरांना ती दिल्लीच्या औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवावीच लागते. तुम्ही उशिरा सांगितलं की त्यांचा उशीर होतो, आणि पुढे भरपाईचा प्रश्न आला तर घोटाळा तुमचा. माझं नाव ट्रायलमध्ये राहिलं, पण त्या आठवड्याच्या वहीवर लाल शेरा बसला.

शेवटच्या भेटीत विचारून ठेवा: औषध लागू पडलं असेल तर पुढे मिळेल का? नियमात तशी सोय आहे. दुसरा पर्याय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं, तर कंपनी फुकट देऊ शकते, तुमची लेखी संमती घेऊन. माझ्यासाठी पर्याय होते, म्हणून मला नाही. पुन्हा प्रेगाबालिन सुरू झाली. माझी वही सहावरून चारावर आली होती. खऱ्या गोळीने की रिकाम्या, देव जाणे.

मी विचारलं त्या मुलीला, "मला कोणती होती ते कधी कळेल?" म्हणाली, "काका, सगळ्या सेंटरचं काम संपून डेटा लॉक झाला, म्हणजे नोंदी कायमच्या बंद झाल्या की. वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तेव्हा मी इथे असेन की नाही..." मी पिशवीतून पाकीट काढलं. वर माझा पत्ता, पिनकोडसकट, पाच रुपयांचं तिकीट चिकटवलेलं. म्हटलं, हे फाइलला लावून ठेव, जो कोणी असेल तो टाकेल. तिने स्टेपलर मारला. अजून आलेलं नाही. पोस्टमन आमचाच आहे, रोज हात हलवून नाही म्हणतो.